शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता ‘दिला’ अशी नोंद आहे, पण खात्यात जमा नाही. कोणाला आणि कसे विचारावे?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण बेळगावात झाले आणि सध्या उत्तर इटलीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. येथे प्रत्येक प्रांतात विद्यार्थ्यांना साहाय्य करणारी एक सार्वजनिक संस्था असते आणि कुटुंबाचे उत्पन्न व मालमत्ता पाहून ती परदेशी विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्ती देते. मला ती पहिल्या वर्षासाठी मंजूर झाली होती. पहिला हप्ता मागच्या हिवाळ्यात वेळेवर मिळाला. दुसरा हप्ता मिळण्यासाठी १० ऑगस्ट २०२५ पर्यंत किमान २० श्रेयांक पूर्ण करणे आवश्यक होते आणि माझे त्या तारखेपर्यंत २७ श्रेयांक झाले होते. ऑक्टोबरच्या शेवटी पात्र विद्यार्थ्यांची यादी लागली, तीत माझा क्रमांक आहे, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून संस्थेच्या पोर्टलवर माझ्या नावासमोर ‘पागातो’, म्हणजे ‘दिले’, अशी नोंद दिसते. आज डिसेंबर संपत आला, तरी माझ्या खात्यात एक युरोही जमा झालेला नाही.

संस्थेला मी तीन वेळा ई-मेल पाठवले. एकदा आपोआप येणारे उत्तर आले आणि दोनदा काहीच आले नाही. खिडकीवर गेले तेव्हा तेथील बाईंनी पडद्याकडे पाहून ‘पैसे दिलेले आहेत, बँकेत विचारा’ असे सांगितले. बँकेत विचारले तर त्यांनी आमच्याकडे असे काहीही आलेले नाही, पाठवणाऱ्यालाच विचारा, असे सांगितले. या दोन उत्तरांच्या मध्ये मी सात आठवडे अडकून पडले आहे.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट अशी की, मे महिन्यात मी खाते बदलले. आधीच्या कार्डाच्या खात्यावर दरमहा शुल्क कापले जात होते, म्हणून ते बंद करून दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि नवा खाते क्रमांक विद्यापीठाच्या पोर्टलवर लगेच नोंदवला.

घरी भात आणि थोडा काजू आहे, शिवाय वडिलांचे छोटे किराणा दुकान आहे. दोन महिन्यांचे खोलीभाडे मी मैत्रिणीकडून उसने घेऊन भरले. परवा फोनवर वडिलांनी आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून पैसे पाठवतो असे सांगितले. आईने पाटल्या डब्यातून काढून कापडात गुंडाळून ठेवल्यासुद्धा, हे धाकट्या भावाकडून कळले. तशी वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्यांना अशा प्रसंगाचा अनुभव आहे त्यांनी कृपया नेमके कोणाकडे, कोणत्या शब्दांत विचारावे हे सांगावे.

वेदगंगा

ताई, मी निपाणीचा. माझे शिक्षण इटलीतच झाले आणि आता येथेच नोकरी करतो. तुमच्या प्रश्नातील खाते बदलल्याचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती देणारी संस्था या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पुष्कळ प्रांतांत त्यांची पोर्टलेही वेगळी असतात आणि एकावर केलेला बदल दुसऱ्यावर आपोआप जात नाही. तुम्ही नवा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, विद्यापीठाकडे नोंदवला, परंतु शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर जुनाच राहिला असण्याची मोठी शक्यता आहे. आज रात्रीच तेथे लॉगिन करून आयबानची सत्तावीसही अक्षरे-अंक एकेक करून तपासा. इटलीचा आयबान २७ जागांचा असतो. त्यातील पहिली दोन अक्षरे देशाची, पुढचे दोन अंक पडताळणीचे आणि नंतरचा भाग बँक, शाखा व खात्याचा असतो.

‘पागातो’ या शब्दावर विसंबून राहू नका. येथील सार्वजनिक संस्था स्वतःच्या हाताने पैसे पाठवत नाहीत. त्या आपल्या खजिनदार बँकेला प्रदान-आदेश देतात, त्याला ‘मान्दातो’ म्हणतात. आदेश निघाला की संस्थेच्या पडद्यावर ‘दिले’ असे दिसू शकते, पण पुढे खजिनदार बँकेकडून ती रक्कम परत आली तर ती नोंद लगेच बदलेलच असे नाही. खिडकीवरच्या बाईंनी पडद्यावर दिसले तेच सांगितले. म्हणून पुढच्या वेळी ‘माझे पैसे कुठे आहेत’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘दिले’ एवढेच मिळणार. त्याऐवजी चार गोष्टी लेखी मागा: मान्दातोचा क्रमांक व तारीख, तो कोणत्या आयबानवर निघाला, बँकेचा टीआरएन, आणि रक्कम परत आली असल्यास परतीची तारीख व कारण. टीआरएन हा तीस अक्षरांचा व्यवहार क्रमांक असतो. जुनी माणसे त्याला अजून ‘क्रो’ म्हणतात. तो हाती आला की तुमची बँक ‘आमच्याकडे काही नाही’ एवढे सांगून तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

हे पत्र साध्या ई-मेलने न पाठवता ‘पेक’ने पाठवा. पेक म्हणजे येथील प्रमाणित ई-मेल, आणि कायद्याच्या दृष्टीने पोचपावतीसह पाठवलेल्या नोंदणीकृत टपालाइतकेच तिचे मोल आहे. वर्षाला थोडक्या युरोंत अशी पेटी कोणालाही घेता येते, त्यासाठी इटलीचे नागरिक असण्याची गरज नाही. पत्रात १९९० च्या २४१ क्रमांकाच्या कायद्याचा उल्लेख करा आणि प्रकरण हाताळणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कळवण्याची विनंती करा. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकरणाला एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि आपल्यासंबंधीच्या कागदपत्रांच्या मागणीवर तीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडच्या माहिती अधिकाराशी मिळतीजुळती अशी ही सोय आहे. भाषा सौम्य ठेवा. मी माझ्या वेळी रागाने दोन पाने लिहिली होती आणि त्यात मुख्य मागणीच हरवून गेली होती. दुसऱ्यांदा सात ओळी लिहिल्या, तेव्हा नऊ दिवसांत उत्तर आले.

आयबान बरोबर निघाला तर दुसरी शंका नावाची आणि कोदिचे फिस्कालेची, आणि ही अडचण आपल्या भागातील मुलामुलींना जास्त येते. हा सोळा जागांचा कर-ओळख क्रमांक नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान यांवरून तयार होतो. भारतात जन्मलेल्यांच्या क्रमांकात झेड २२२ हा संकेत असतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असते. उदाहरण म्हणून ‘उमा मारुती’ असे नाव घ्या. नावाची तीन अक्षरे व्यंजनांवरून घेतात, आणि व्यंजने चार किंवा अधिक असतील तर पहिले, तिसरे व चौथे घेतात. ‘उमा मारुती’च्या रोमन लेखनात एम, एम, आर, टी अशी चार व्यंजने येतात, म्हणून संकेत ‘एमआरटी’ होतो. तीच मुलगी अर्जात नुसते ‘उमा’ लिहिते आणि संगणकाला क्रमांक काढू देते, तेव्हा एकच व्यंजन असल्यामुळे पुढे स्वर लागतात आणि संकेत ‘एमयूए’ होतो. शेवटचे पडताळणीचे अक्षरही त्यामुळे बदलू शकते. मुलगी एकच असली तरी कागदोपत्री दोन व्यक्ती तयार होतात, आणि पैशाच्या कामात हे चालत नाही. कर कार्यालयाने दिलेल्या कागदावरचा क्रमांक तेवढा खरा. संकेतस्थळावर काढलेला कधीही वापरू नये.

तिसरी तपासणी राहण्याच्या परवान्याची. पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोची मुदत मध्येच संपली असेल आणि नूतनीकरणाची टपाल कचेरीतील पावती पोर्टलवर चढवलेली नसेल, तर काही ठिकाणी हप्ता रोखून धरतात. भाडेकराराचेही असेच आहे. आपण ‘बाहेरगावचे विद्यार्थी’ म्हणून मोठी रक्कम घेतो, त्यासाठी नोंदणी झालेला करार दाखवावा लागतो; तो न दाखवल्यास कमी रकमेच्या वर्गात टाकतात.

शहापूरचे काका

मी बेळगावच्या शहापूर भागात राहतो. बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहितो.

मुली, वेदगंगाने जे लिहिले आहे ते योग्य आहे. मी त्याला बँकेच्या बाजूची थोडी माहिती जोडतो. युरोपातल्या युरोपात युरो पाठवण्याच्या व्यवस्थेला सेपा म्हणतात. त्यात साधे हस्तांतरण पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचते. समोरचे खाते बंद असेल तर ती बँक रक्कम स्वीकारत नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत ती परत पाठवते. याचा अर्थ असा की, नोव्हेंबरात निघालेली रक्कम आज डिसेंबरच्या अखेरीस वाटेत कोठेही पडून असणे शक्य नाही. एकतर ती कोणाच्या तरी खात्यात जमा आहे किंवा केव्हाच पाठवणाऱ्याकडे परतलेली आहे. तुझे जुने खाते बंद आहे, म्हणून परत गेल्याची शक्यता मला अधिक वाटते. जुन्या बँकेला एक पत्र लिहून खाते कोणत्या तारखेला बंद झाले याचा दाखला माग. तो दाखला पेकला जोडलास तर संस्थेला दुसरीकडे शोधण्याचे कारण उरणार नाही.

युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून खातेदाराचे नाव आणि आयबान एकमेकांशी जुळतात का, हे पैसे पाठवण्याआधी तपासून सांगण्याची सोय देणे बंधनकारक झाले आहे. नाव थोडे वेगळे असले तर पाठवणाऱ्याला सूचना दिसते. एखादा काळजीपूर्वक काम करणारा कारकून अशी सूचना पाहून रक्कम थांबवून ठेवू शकतो. म्हणून बँकेतले नाव, पोर्टलवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे असले पाहिजे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे नाव कधी पूर्ण असते, कधी आद्याक्षरांनी असते. ते नाव सोडून दे आणि सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिही.

आता पाटल्यांविषयी. तुझ्या वडिलांना माझा निरोप सांग की घाईने दागिना ठेवू नका. सोसायटीतून कर्ज मिळेल, पण सोसायटीला परदेशी रक्कम पाठवण्याचा अधिकार नाही. त्यासाठी परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेतच जावे लागते, आणि खानापूरच्या शाखेतून ते काम झाले नाही तर बेळगावच्या मोठ्या शाखेत होईल. त्यांनी तुझ्या प्रवेशाचे पत्र, पासपोर्टची व व्हिसाची प्रत आणि स्वतःचे पॅन कार्ड बरोबर न्यावे, ए-२ अर्ज भरावा आणि कारणाच्या रकान्यात शिक्षणाचा संकेत लिहिण्यास सांगावे. परदेशी रक्कम पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही, त्यामुळे कर कापला जाईल ही भीती बाळगू नये. भारतातून जाणारी रक्कम मात्र स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने जाते आणि वाटेतील मध्यस्थ बँक त्यातून शुल्क कापू शकते. अर्जावर सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्यावे असा पर्याय निवडला नाही, तर चारशे युरो पाठवल्यावर तुला पूर्ण चारशे मिळणार नाहीत, आणि भाडे अपुरे पडले की पुन्हा नवी ओढाताण होईल. एका महिन्याच्या भाड्यापुरती रक्कम पाठवावी. सहा महिन्यांची एकदम पाठवण्याचे कारण नाही, कारण तुझी शिष्यवृत्ती रद्द झालेली नाही, ती अडलेली आहे.

टिळकवाडीहून

हा प्रश्न वाचून धीर आला, म्हणून माझ्या भावाची अडचणही येथेच मांडतो. तो परदेशात शिकतो, पण त्याची शिष्यवृत्ती भारतातील सरकारी खात्याची आहे. निर्वाहभत्त्याचा एक भाग त्याच्या भारतातील खात्यात जमा होणार होता. कार्यालयात विचारले की पैसे गेल्याचे सांगतात, आणि ज्या खात्याचे पासबुक आमच्याकडे आहे त्यात काही नाही. पत्रव्यवहार कन्नडमधून येतो. वडिलांना तो वाचता येत नाही आणि दर वेळी कोणाला तरी शोधावे लागते. आम्ही कोठे चुकत आहोत?

हिंडलग्याची

मी ब्रिटनमध्ये संशोधन केले आणि माझीही शिष्यवृत्ती सरकारी होती. टिळकवाडीच्या दादांनी आधी आधारशी जोडलेले खाते तपासावे. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम पुष्कळदा खाते क्रमांक पाहून जात नाही, ती आधार क्रमांकाशी शेवटी ज्या बँकेची जोडणी झाली तेथे जाते. शाळेत असताना एखाद्या छोट्या रकमेसाठी उघडलेले, नंतर कोणी न पाहिलेले खाते घरोघरी असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक-जोडणीची स्थिती पाहता येते, परंतु त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. भाऊ परदेशी जाताना त्याचे सिम बंद पडले असेल तर अडचण येथेच सुरू होते. माझे भारतीय सिम मी घरी आईच्या जुन्या फोनमध्ये ठेवून दर काही महिन्यांनी रिचार्ज करवत असे, आणि ओटीपी आला की ती फोनवरून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवत असे. सिम तीन महिने मुळीच वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते, हे निघताना कोणी सांगत नाही. भावाचे आधारशी जोडलेले खाते दुसरे निघाले, तर त्या शाखेत पासबुक भरून घ्यावे. पैसे तेथे सापडण्याची बरीच शक्यता आहे.

दुसरे कारण प्रगती अहवालाचे. सरकारी शिष्यवृत्तीत पुढचा हप्ता विद्यापीठाकडून आलेल्या प्रगती अहवालावर अवलंबून असतो. माझा एक हप्ता चार महिने थांबला, कारण मार्गदर्शकांनी अहवाल लिहिला होता आणि तो पुढे पाठवायचा आहे हे मी विसरले होते. कार्यालयाने मला काहीही कळवले नव्हते हे खरे, पण करारपत्राच्या अटींत ते स्पष्ट लिहिलेले होते. भावाने आपले करारपत्र ओळीने वाचावे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनेत पैसे भारतीय दूतावासामार्फत दिले जातात. त्या योजनेचा वार्षिक निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी ९,९०० पौंड आणि अन्य देशांसाठी १५,४०० डॉलर ठरलेला आहे. अशा वेळी दिल्लीत फोन करत बसण्याआधी दूतावासाच्या शिक्षण विभागात आपला बँक तपशील पोचला आहे का, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तेथे २१ दिवसांत निवारण करण्याचे बंधन ऑगस्ट २०२४ पासून घातलेले आहे. दूतावासाशी संबंधित अडचणीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे. राज्याच्या खात्याविषयी असेल तर कर्नाटकच्या जनस्पंदन या तक्रार सेवेचा १९०२ हा क्रमांक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. त्यात तक्रार न लिहिता फक्त कागद मागावेत: प्रदान आदेशाची प्रत, व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्याचे शेवटचे चार अंक. मी अर्ज इंग्रजीतून केला होता आणि तो स्वीकारला गेला.

भाषेचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतो आणि त्याचा मनाला त्रास होतो. पण आलेले कन्नड पत्र महिनाभर टेबलावर पडू देऊ नका. माझ्या एका पत्रात पंधरा दिवसांत कागद पाठवा असे लिहिलेले होते आणि आमच्या गल्लीतील शिक्षकांनी ते वाचून दाखवले तेव्हा त्यातले अकरा दिवस गेले होते. तेव्हापासून पत्र आले की त्याच दिवशी फोटो काढून त्यांना पाठवण्याची सवय आम्ही लावून घेतली.

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके नेमके लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

वेदगंगादादांचे दोन्ही तर्क खरे ठरले. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर जुनाच आयबान होता. तो बदलायला गेले तर नवा क्रमांक स्वीकारलाच जाईना; खातेदार आणि अर्जदार एक नाहीत असा तांबडा संदेश येत होता. मग कर कार्यालयाने दिलेला कागद पेटीतून काढला आणि दोन्ही क्रमांक शेजारी ठेवून बोट लावून वाचले. माझेही नाव दोनच अक्षरांचे आहे. अर्ज भरताना मी वडिलांचे नाव लिहिले नव्हते, त्यामुळे पोर्टलवरच्या क्रमांकातील तीन अक्षरे आणि शेवटचे अक्षर वेगळे पडले होते. पहिल्या हप्त्याच्या वेळी हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, ते कळले नाही.

पेक पाठवली. काकांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या बँकेचा दाखला जोडला. त्यावर खाते ३० मे रोजी बंद झाल्याची नोंद होती. सहाव्या दिवशी एका अधिकाऱ्यांचे नाव असलेले उत्तर आले. मान्दातो १२ नोव्हेंबरला निघाला होता आणि खाते अस्तित्वात नसल्याच्या कारणाने १४ तारखेला रक्कम परत आली होती. म्हणजे ज्या दिवशी मला ‘बँकेत विचारा’ असे सांगितले गेले, त्या दिवशी ती रक्कम संस्थेच्याच खजिनदार बँकेत होती. कर क्रमांक दुरुस्त करण्यासाठी पासपोर्टची प्रत आणि कर कार्यालयाचा कागद मागितला, तो त्याच दिवशी दिला. नव्या आयबानवर दुसरा आदेश निघाला आणि परवा सकाळी पूर्ण रक्कम जमा झाली. मैत्रिणीचे उसने फेडले. वडिलांनी काकांचा निरोप वाचून एका महिन्याच्या भाड्यापुरतेच पैसे बेळगावच्या शाखेतून पाठवले होते, तेही काजूच्या पैशांतून. पाटल्या डब्यात परत गेल्या, असे भावाने कळवले.

आता एकच शंका उरली आहे. दुसऱ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी भाडेकरार चढवायचा आहे. घरमालकांनी दिलेल्या करारावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत, पण नोंदणीचा शिक्का कोठेही दिसत नाही. तो तसाच चढवला तर चालेल का?

वेदगंगा

तसाच चढवू नका. घरमालकांकडून करारासोबत कर कार्यालयाची नोंदणी पावती मागा. ऑनलाइन नोंदणी केली असेल तर करारावर शिक्का नसतोच, वेगळ्या पानावर नोंदणीची तारीख, क्रमांक आणि मालिका छापलेली असते. पोर्टलवर तेच तीन तपशील भरावे लागतात. पावतीवर तुमचा कोदिचे फिस्काले छापलेला असतो, तोही कर कार्यालयाच्या कागदाशी ताडून पाहा. मालकांनी अर्जातले छोटे नाव वापरले असेल तर मुदतीच्या आत त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या.